विकास झाला, पण तो पायदार आहे का?

मी शाळेत उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो. त्यामुळे एकच कल्पना दोन भाषांत कशी वेगवेगळी वागते हे रोज पाहायला मिळते. मराठीत आपण ज्याला ‘शाश्वत विकास’ म्हणतो, त्याला उर्दूत ‘पायदार तरक्की’ म्हणतात. ‘शाश्वत’ म्हटले की मुलांना काहीतरी मोठे, अविनाशी, प्रवचनातले आठवते. मान डोलावायची आणि पुढच्या ओळीकडे जायचे. ‘पायदार’ हा शब्द मात्र बाजारातला आहे. कापड हातात घेऊन, दोन बोटांत चुरगाळून, दुकानदाराला विचारायचा प्रश्न आहे तो: पायदार आहे का? चप्पल, छत्री, दप्तर, खुर्ची, सगळ्यांना हा प्रश्न विचारता येतो. ज्याला पाय आहेत, जे आपल्या पायांवर उभे राहते आणि दोन पावसाळे काढते, ते पायदार.

मला वाटते, देशाच्या विकासालाही हाच साधा प्रश्न विचारायची वेळ आली आहे.

१९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा की आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, पण उद्याच्या पिढीला तिच्या गरजा भागवताच येणार नाहीत अशी अवस्था करून ठेवू नये. आपल्या घरांत यासाठी एक जुना शब्द आहे, अमानत. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे सांभाळायला आलेली असते. ती वापरता येते, पण परत देताना ती शाबूत असावी लागते. २०१५ मध्ये १९३ देशांनी एकत्र येऊन १७ उद्दिष्टे ठरवली आणि त्यांना २०३० ची मुदत दिली. भारत त्यातला एक. मुदत आता हाकेच्या अंतरावर आहे.

आधी श्रेय द्यायचे ते देऊ. गेल्या दहा वर्षांत या देशात काहीच झाले नाही असे म्हणणारा माणूस खेड्यात गेलेला नसतो. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा ग्रामीण भागातल्या सव्वातीन कोटींच्या आसपास घरांतच नळ होता. आज हा आकडा १५ कोटींच्या पुढे गेला आहे. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि कोट्यवधी गरीब घरांत पहिल्यांदा गॅसची शेगडी पोहोचली. शौचालये झाली. नीती आयोग २०१८ पासून शाश्वत विकासाचा निर्देशांक काढतो. त्यात देशाचे गुण पहिल्या वर्षी ५७ होते, २०२३-२४ मध्ये ७१ झाले. डोक्यावर हंडा घेऊन जाणारी मुलगी आता पहिल्या तासाला वर्गात बसलेली दिसते, हे मी स्वतः पाहतो. ही लहान गोष्ट नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. आपल्याकडे विकासाची एकच वही ठेवली जाते: काय दिले, किती दिले, किती लावले. त्यातले किती टिकले, ही दुसरी वही कुणी उघडतच नाही. पायदारपणा तर या दुसऱ्या वहीतच कळतो.

झाडांचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य होते. आकडे दरवर्षी गाजले. पण तीन उन्हाळ्यांनंतर त्यातली जिवंत झाडे किती, या साध्या प्रश्नाचे सर्वांना पटेल असे उत्तर मिळाले नाही. पुढे याच मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. झाड जगले असते तर त्याची चौकशी करायला समिती कशाला लागली असती? ते रस्त्याच्या कडेला उभे राहून स्वतःच साक्ष देत असते.

जलयुक्त शिवार घ्या. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत गावोगाव नाले खोल झाले, बंधारे झाले, लोकांनी श्रमदान केले. कॅगने २०२० च्या अहवालात तिचा हिशेब मांडला. खर्च ९,६३३ कोटी रुपयांवर, पण भूजल पातळी वाढवण्यावर परिणाम अगदी थोडा. या अहवालावर राजकीय वाद झाले आणि पुढे सरकार बदलल्यावर योजनेचा दुसरा टप्पाही आला. राजकारण बाजूला ठेवले तरी मूळ मुद्दा राहतोच. खोदलेला नाला हे काम झाले. पण त्या नाल्याशेजारी दहा नव्या बोअरवेल पडल्या आणि मुरलेले पाणी एका हंगामात उपसले गेले, तर त्या कामाला पाय कुठे राहिले?

उज्ज्वलाच्या बाबतीतही कॅगने २०१९ मध्ये हेच दाखवले. जोडण्या भरपूर झाल्या, पण अनेक घरांत वर्षाला भरलेली सिलिंडरे फार कमी. पहिली टाकी आली, फोटो निघाला, दुसरी भरायला पैसे नव्हते, म्हणून शेजारी पुन्हा चूल पेटली. योजनेच्या वहीत ते घर धूरमुक्त आहे. त्या घरातल्या बाईच्या छातीत मात्र धूर अजूनही जातो.

विजेचेही तेच. २०२५ मध्ये देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेचा निम्मा वाटा कोळसा, वायू, तेल यांच्यापलीकडच्या स्रोतांचा झाला. २०३० चे लक्ष्य पाच वर्षे आधी गाठले गेले, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. सूर्य मावळल्यावर आपल्या घरातला पंखा बहुतेक कोळशावरच फिरतो. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे इथेही पहिली वही चकचकीत आहे आणि दुसरी अजून लिहून व्हायची आहे.

असे का होते? हेतू वाईट असतो असे मी म्हणणार नाही. सरकारी पैशाची चालच तशी आहे. नवे काम करायला निधी येतो, जुने काम सांभाळायला येत नाही. उद्घाटनाला नारळ फुटतो, दुरुस्तीला कोणी फिरकत नाही. मार्च संपायच्या आत खर्च दाखवावा लागतो आणि झाडाला तर मार्चनंतरच पाणी लागते. पाण्याची टाकी बांधणारा ठेकेदार बिल घेऊन जातो. मोटार जळाली की ग्रामपंचायत वीजबिलाच्या थकबाकीकडे पाहत बसते. जल जीवन मिशनची मुदत २०२४ वरून २०२८ पर्यंत वाढवली, तेव्हा केंद्र सरकारलाही पायाभूत सुविधांचा दर्जा आणि त्यांची देखभाल यांवर भर द्यावा लागला. हे चांगले लक्षण आहे. नळ जोडणे सोपे असते. त्या नळाला पुढच्या मे महिन्यात पाणी येणे अवघड, कारण त्यासाठी जमिनीखालची विहीर जिवंत हवी.

शाळांत तर हे रोज दिसते. पर्यावरण दिन, हरित सेना, इको क्लब, मिशन लाइफ, ‘एक पेड माँ के नाम’ असे उपक्रम एकामागून एक येतात. प्रत्येकाचा हेतू चांगला असतो. प्रत्येकाच्या शेवटी एक रकाना असतो, फोटो अपलोड करा. रोप लावतानाचा फोटो मागतात. एका वर्षाने त्याच रोपाचा फोटो मागणारे परिपत्रक माझ्या नोकरीच्या काळात मी पाहिलेले नाही. परिणाम काय होतो? मुले फार हुशार असतात. कोणत्या गोष्टीला गुण आहेत हे त्यांना लगेच कळते. रोप लावण्याला गुण आहेत, रोप जगवण्याला नाहीत, हा धडा पुस्तकात नसूनही पाठ होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरण हा विषय प्रत्येक विद्यार्थ्यासाठी सक्तीचा झाला, पण तो वहीतल्या प्रकल्पापुरता उरला. सुंदर मुखपृष्ठ, चिकटवलेली चित्रे, आणि मे महिन्यात रद्दी.

इथपर्यंत वाचून ‘सरकारच असे आहे’ म्हणत सुस्कारा सोडायचा मोह होतो. तो मोह आवरायला हवा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दोन गोष्टी एकाच वेळी आल्या. कलम ४८-अ ने पर्यावरण आणि वने यांचे रक्षण करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. कलम ५१-अ ने तेच कर्तव्य प्रत्येक नागरिकाला दिले. एकाच दुरुस्तीत, एकाच दिवशी. घटनेने दोन सह्यांचा करारनामा केला आहे. आपण मात्र दुसऱ्याची सही दाखवतो आणि आपल्या सहीवर बोट ठेवतो.

नागरिकांचे प्रयत्नही पुष्कळदा पहिल्या वहीतलेच असतात. ५ जूनला टोप्या घालून स्वच्छता करायची, दुपारी प्लॅस्टिकच्या बाटलीतले पाणी प्यायचे आणि बाटली तिथेच ठेवून घरी जायचे. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. कायदा कडक होता. पहिले काही महिने लोक कापडी पिशवी घेऊन बाजारात जात होते. मग भाजीवाल्याने हळूच गाडीखालून एक काळी पिशवी काढली आणि आपण ती हळूच घेतली. दंड फक्त त्याला झाला.

आपल्या मोहल्ल्यांबद्दलही बोलले पाहिजे, कारण दुसऱ्याला सांगण्याआधी घर झाडावे. वाहत्या नदीकाठी बसले असतानाही वुजूला पाणी उधळू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. इस्राफ म्हणजे उधळपट्टी, आणि ती अल्लाहला नापसंत आहे, हे खुतब्यात सांगितले जाते. खुतबा संपतो आणि वुजूखान्यातला नळ पूर्ण सोडून माणूस शेजाऱ्याशी बोलत राहतो. वुजूच्या पाण्यात साबण नसतो. थोडा उतार आणि एक पाइप एवढ्यावर ते अंगणातल्या झाडांना किंवा शोषखड्ड्यात नेता येते. जिथे मशिदीच्या कमिटीने हे मनावर घेतले, तिथे खर्च किरकोळ आला. जिथे घेतले नाही, तिथे हे पाणी गटारात जाते आणि मे महिन्यात टँकरसाठी चंदा गोळा होतो. मंदिर, मंगल कार्यालय, शाळा, वसतिगृह, सगळीकडे हा हिशेब लागू आहे. श्रद्धेला पुरावा लागत नसेल, पण पाण्याला लागतो.

आता प्रश्न असा की दोन्ही वह्या नीट ठेवल्या तर काय होते? तीन ठिकाणे मला फार बोलकी वाटतात. तिन्ही महाराष्ट्रातलीच आहेत.

पहिले हिवरे बाजार. अहिल्यानगर जिल्ह्यातले हे गाव अवर्षणप्रवण. १९८९ च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि काम सुरू झाले. चर खोदणे, बांध घालणे, झाडे लावणे यांसाठी पैसा बहुतांश सरकारी योजनांचाच होता, रोजगार हमी आणि आदर्श गाव योजना. तो तर इतर शेकडो गावांनाही मिळत होता. हिवरे बाजारने वेगळे केले ते नंतर. दर पावसाळ्याच्या शेवटी गाव पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती आहे हे मोजते आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसांना प्यायला, मग जनावरांना, उरेल ते शेतीला. पाऊस कमी झाला तर रब्बीत कोणते पीक घ्यायचे नाही हेही तिथेच ठरते. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस आणि केळी नाही. अर्थात, हे नियम कुणी वरून लादले नाहीत. वाचून दाखवलेल्या आकड्यांवरून लोकांनी ते स्वीकारले. आता लातूर आठवा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर. लातूरचा सरासरी पाऊस हिवरे बाजारच्या जवळपास दुप्पट आहे. मग तहान कुणाला लागली आणि का? उसाच्या पट्ट्याला हा प्रश्न विचारायचे धाडस आजही कुठला पक्ष करत नाही.

दुसरे गडचिरोलीतले मेंढा (लेखा). २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गोंड आदिवासी गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागत होता आणि तो वनखात्याच्या हातात होता. त्यासाठी झगडावे लागले. अखेर एप्रिल २०११ मध्ये तो अधिकार ग्रामसभेकडे आला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत, पण गावाचे खरे बळ म्हणजे तिथला अभ्यासगट आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत. जंगल त्यांचे झाले, म्हणून ते ओरबाडले गेले नाही. हक्क मिळाला की माणूस उद्याचा विचार करतो. भाड्याच्या घराला कोणी रंग देत नाही.

तिसरे उदाहरण शहरातले. पुण्यात १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. त्यातून त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था तयार झाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून तिचे सभासद घरोघरचा कचरा गोळा करू लागले. नागरिक दरमहा थोडे शुल्क देतात, पालिका साधने देते, वेचलेले भंगार विकून कष्टकऱ्यांना उत्पन्न मिळते. ज्या बाईला शहर ‘कचरेवाली’ म्हणून हाकलत होते, तिच्याकडे ओळखपत्र आले. अडचणी आहेतच. करार वाढवण्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा झगडावे लागते. पण शहराचा सुका कचरा नव्याने वापरात आणणारी सर्वांत स्वस्त यंत्रणा तीच आहे.

या तिन्ही ठिकाणी तीन गोष्टी सारख्या आहेत. लोकांच्या हातात काहीतरी हक्क आहे. त्यांनी स्वतः मान्य केलेला एखादा नियम आहे. आणि काय टिकले याची नोंद ठेवली जाते. सरकार तिथे गैरहजर नाही. पैसा, कायदा, परवाना, करार, सगळे सरकारकडूनच आले आहे. पण त्याला पाय लोकांनी दिले.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला, प्रत्येक गावात पोपटराव पवार नसतात. खरे आहे. म्हणूनच मी माणसापेक्षा वहीबद्दल बोलतो आहे. चांगला माणूस नशिबाने मिळतो. पाण्याचा ताळेबंद मात्र नमुना देऊन, प्रशिक्षण देऊन कोणत्याही ग्रामपंचायतीत सुरू करता येतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांत गावपातळीवर पाण्याचा ताळेबंद मांडण्याची तरतूद केली गेलीच. ती कागदावर भरून देणे आणि ग्रामसभेत वाचून दाखवणे, यातला फरक तेवढा मिटवायचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. नागरिकांनी नळ बंद करावा, दिवा विझवावा, पिशवी आणावी, आणि तिकडे मोठ्या प्रकल्पासाठी हजारो झाडे एका सहीने जावीत, हा कुठला न्याय? २०२२ मध्ये सुरू झालेल्या मिशन लाइफमध्ये जीवनशैली बदलण्यावर भर आहे. पण ज्याच्या घरात दोन दिवे आणि एक पंखा आहे, त्याने आणखी काय बदलायचे? आपल्या वस्तीतली भंगार विकत घेणारी, जुने कपडे रफू करणारी, छत्री-मिक्सर दुरुस्त करणारी माणसे कित्येक पिढ्या पायदार जीवनच जगत आली आहेत. त्यांना काटकसर शिकवण्यापेक्षा त्यांच्या धंद्याला ओटा आणि परवाना द्यावा. त्यागाचे ओझे पेलायचे असेल तर ज्याचा वापर जास्त त्याने आधी खांदा द्यावा. मोठ्या प्रकल्पांच्या जनसुनावणीत स्थानिक माणसाचे म्हणणे नोंदवून नंतर विसरायचे असेल, तर शाळेतल्या मुलाला रोप लावायला सांगण्याचा नैतिक अधिकार कमी होतो.

मग आपण करायचे काय? माझी मागणी छोटी आहे. दुसरी वही उघडा.

ग्रामसभा किंवा वॉर्डाची बैठक असेल तिथे नवीन काय आले हे विचारण्याआधी मागच्या वर्षीचे काय चालू आहे हे विचारा. नळ किती, आणि मे महिन्यात किती चालू होते? झाडे किती लावली, आज किती उभी आहेत? सौरदिवे किती बसवले, किती पेटतात? २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने हे विचारायचा हक्क दिला आहे. रोजगार हमीच्या कायद्यानेही ग्रामसभेच्या हाती कामांचे सामाजिक अंकेक्षण दिले. हत्यारे गंजली आहेत ती वापरली नाहीत म्हणून. शासनानेही निधीची एक अट बदलावी. कामाच्या रकमेतला काही हिस्सा तीन वर्षांनी, काम टिकले असेल तरच द्यावा. ठेकेदाराला हमी काळाची अट असते, मग रोपाला का नसावी?

शाळेपुरते सांगायचे तर मला प्रत्येक शाळेत एक नोंदवही हवी आहे. ५ जूनला नवे रोप लावण्याआधी मुलांनी मागच्या वर्षीची रोपे मोजावीत. जगले त्यापुढे उंची लिहावी, मेले त्यापुढे कारण: पाणी नाही, शेळीने खाल्ले, खड्डा उथळ होता, सुट्टीत कोणी नव्हते. एवढे लिहिताना मुलांना जलसिंचन, चराई, माती आणि सार्वजनिक जबाबदारी हे चारही धडे मिळतील. मेलेल्या रोपांची नोंद लपवू नये. लपवलेल्या अपयशातून कुठलीच पिढी काही शिकत नाही.

२०३० मध्ये सरकार प्रगतीचा अहवाल मांडेल. त्यात पुष्कळ खरे आकडे असतील आणि आपण त्यांचे स्वागत करू. पण त्या दिवशी आपल्या हातातही एक वही असली पाहिजे, आपल्या गल्लीची, आपल्या विहिरीची, आपल्या शाळेच्या कुंपणाची. दोन्ही वह्यांचा मेळ बसला तर मुलांना निर्धास्तपणे सांगू की ही तरक्की पायदार आहे. नाही बसला, तर निदान कुठे दुरुस्ती करायची ते तरी ठाऊक असेल.